वाइन, व्हिनेगर, ओइनोस: एका शब्दाचं मूळ कसं शोधायचं

नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूच्या वाइनरीत आलेला पाहुणा दोन प्रश्न हमखास विचारतो. ग्लास दांडीलाच का धरायचा, आणि 'वाइन' हा शब्द मुळात कुठला. पहिल्याचं उत्तर टेस्टिंग रूममधल्या पोराला पाठ असतं. दुसऱ्याला 'लॅटिन' एवढं बोलून विषय संपवला जातो. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. लॅटिनच्या आधी ग्रीक आहे, ग्रीकच्या शेजारी हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली एक प्राचीन भाषा) आहे, आणि हिब्रू-अरबीतही हाच शब्द वेगळ्या वेषात बसलेला आहे.

युरोपभर पसरलेल्या एखाद्या शब्दाचं कूळ घरबसल्या कसं काढायचं, ते इथे 'वाइन'वर करून दाखवलं आहे. गाइडचं काम करणाऱ्यांना, भाषेच्या विद्यार्थ्यांना आणि नुसत्या हौशी लोकांनाही जमेल असं काम आहे. लागतं काय, तर एक तक्ता, दोन-तीन चांगले कोश आणि 'सारखं दिसतं म्हणजे एकच' या मोहाला आवर.

आधी तक्ता

एक्सेलमध्ये किंवा वहीत सहा रकाने आखा: भाषा आणि तिची शाखा, मूळ स्पेलिंग, देवनागरीत उच्चार, पहिली लेखी नोंद, त्या नोंदीतला अर्थ, आणि कोशाच्या मते शब्द वारशानं आला की उसना. शेवटचा रकाना सगळ्यात शेवटी भरायचा. तो आधी भरला की बाकीचे पाच आपण नकळत त्याच्याशी जुळवून घ्यायला लागतो.

पंधरा ते अठरा ओळी पुरतात. त्याहून कमी घेतल्या तर योगायोग कळत नाही, आणि पन्नास घेतल्या तर त्यातल्या तीस एकमेकींच्या नकला निघतात. प्रत्येक शाखेतल्या निदान दोन भाषा हव्यात. लॅटिनच्या लेकींपैकी इटालियन 'व्हीनो', स्पॅनिश 'बीनो' (लिहिताना व्ही, बोलताना ब), पोर्तुगीज 'व्हिन्यु', फ्रेंच 'व्हँ', रुमानियन 'व्हिन'. जर्मॅनिक गटातून इंग्लिश 'वाइन', जर्मन 'व्हाइन', स्वीडिश 'व्हीन' आणि शक्य असेल तर चौथ्या शतकातल्या बायबल-भाषांतरातलं गॉथिक 'वीन'. स्लाव्हिकमधून रशियन आणि पोलिश 'व्हिनो'. केल्टिकमधून वेल्श 'ग्वीन', आयरिश 'फीन'. मग एकेकट्या भाषा: ग्रीक 'ओइनोस', आर्मेनियन 'गिनी', अल्बेनियन 'व्हेर'.

ज्यांच्याकडे हा शब्द नाही त्यांच्याही ओळी घाला. नवखे लोक हे टाळतात आणि तिथेच फसतात. हंगेरियनमध्ये वाइनला 'बोर' म्हणतात, आणि तो शब्द तुर्की कुळातून आलेला आहे. (आपल्या बोराशी संबंध शून्य, आपलं बोर संस्कृत 'बदर'चं.) बास्कमध्ये 'आर्दो'. तुर्कीत 'शाराप', म्हणजे अरबी 'शराब', जिचा मूळ अर्थ नुसतं 'पेय'. सरबत आणि सिरप त्याच अरबी धातूचे. ग्रीकांनी तर स्वतःच्या घरातला शब्द बोलण्यातून काढूनच टाकला: आजच्या ग्रीकमध्ये रोजचा शब्द 'क्रासी', म्हणजे मुळात 'मिश्रण', कारण जुने ग्रीक वाइन पाणी मिसळूनच प्यायचे. 'ओइनोस' बाटलीच्या लेबलवर आणि पोथीत उरला.

व आणि व्ह यांची काळजी घ्या

उच्चाराचा रकाना भरताना मराठी माणसाला एक आयती सोय आहे. इंग्रजी डब्ल्यूला आपण 'व' लिहितो आणि व्हीला 'व्ह'. वाइन, वॉटर, वॉर्ड; पण व्हिनेगर, व्हॅन, व्हिंटेज. हिंदी लिखाणात हा फरक बहुधा उरत नाही. या कामात तोच फरक सगळ्यात मोठा साक्षीदार ठरतो, तेव्हा तक्त्यात तो काटेकोर पाळा.

मात्र स्पेलिंगवरून उच्चार ठरवू नका. जर्मन आणि पोलिश लोक डब्ल्यू लिहितात आणि 'व्ह' म्हणतात. रोमन वक्ता सिसेरोच्या काळातली लॅटिन मंडळी व्ही लिहायची आणि 'व' म्हणायची, म्हणून त्यांच्या तोंडी हा शब्द 'वीनुम' होता. आपण शाळेत किंवा चर्चमध्ये ऐकतो ते 'व्हीनुम' नंतरचं. दीर्घ 'ई'ची खूणही गाळू नका. पुढे सगळं त्या एका दीर्घ स्वरावर येऊन अडणार आहे.

वारसा की उसनवारी: खरी परीक्षा

दोन भाषांत सारखा शब्द असण्याची तीनच कारणं असतात. दोघींना एकाच आजीकडून मिळाला, एकीनं दुसरीकडून उसना घेतला, किंवा निव्वळ योगायोग. हे ओळखायला ताडून पाहण्यासाठी एक बिनवादाचा शब्द हाताशी ठेवावा. आपल्याला 'मधु' सोयीचा. ग्रीक 'मेथ्यु', इंग्लिश 'मीड', रशियन 'म्योद', लिथुआनियन 'मेदुस'. संस्कृतात ध तिथे ग्रीकमध्ये थ, इंग्रजीत ड आणि रशियनमध्ये द, हे नातं डझनावारी शब्दांत असंच्या असं सापडतं. म्हणून हा वारसा. (या ग्रीक 'मेथ्यु'ची पिलावळ मजेशीर आहे. ॲमेथिस्ट म्हणजे 'नशा न चढू देणारा' खडा. आणि मिथाइल, मिथेनॉलमधला 'मिथ' तोच, त्याला लाकडाचा ग्रीक शब्द जोडून रसायनशास्त्रज्ञांनी बनवलेला. विषारी दारूच्या बातमीत येणारं मिथेनॉल आणि पंचामृतातला मध असे चुलत भाऊ निघतात.)

दुसरा ताडणीचा शब्द 'विधवा'. लॅटिन 'विदुआ', इंग्लिश 'विडो', रशियन 'व्दोवा'; वेल्शमध्ये त्याचा आरंभ 'ग्व'नं होतो आणि आयरिशमध्ये 'फ'नं. आता वाइनच्या ओळी पाहा: लॅटिन व, वेल्श ग्व, आयरिश फ. अगदी तसंच! इथे बहुतेक जण उडी मारतात: म्हणजे हाही वारसाच, तर मग संस्कृतातही असणार.

थांबा. पहिलं व्यंजन जुळलं, स्वर अजून तपासलेला नाही.

ग्रीक 'ओइनोस'मध्ये 'ओइ' आहे आणि लॅटिन 'वीनुम'मध्ये दीर्घ 'ई'. हे दोघं एकमेकांशी जुळतात, कारण लॅटिनमध्ये व नंतरच्या 'ओइ'चा 'ई' झालेला इतरत्रही दिसतो: ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर, लॅटिन 'वीकुस' म्हणजे वस्ती, गाव. संस्कृतात याच धातूचं 'वेश', 'वेश्म' म्हणजे घर. म्हणजे नियम असा की मुळात 'ओइ' असेल तर ग्रीक तो ठेवतं, लॅटिन व नंतर त्याचा 'ई' करतं आणि संस्कृत 'ए' करतं. ग्रीकमधला आरंभीचा व पुढे गळाला, पण तो होता याचे पुरावे पक्के आहेत. होमरच्याही आधीच्या, मायसीनी काळातल्या मातीच्या पाट्यांवर 'वो-नो' असं लिहिलेलं सापडतं. ती लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसनं उलगडली. होमरच्या ओळींतही काही ठिकाणी 'ओइनोस'च्या आधीचा स्वर गाळला जात नाही. वृत्ताचा हिशेब तिथे कधीकाळी व्यंजन होतं असं धरल्यावरच बसतो.

आता हाच नियम उत्तरेकडे लावा. जर्मॅनिक भाषांत मूळच्या 'ओइ'चा 'आइ' होतो. 'एक' या अर्थाचा शब्द घ्या: जुन्या लॅटिनमध्ये 'ओइनोस', गॉथिकमध्ये 'आइन्स', जुन्या इंग्रजीत 'आन', आजच्या इंग्रजीत 'वन'. वाइन हा शब्द जर्मॅनिकांना वारशानं मिळाला असता तर गॉथिकमध्ये 'वाइन'सारखं काही दिसायला हवं होतं आणि जुन्या इंग्रजीत 'वान'. प्रत्यक्षात दोन्हीकडे 'वीन' आहे, दीर्घ ईचं. हा 'ई' फक्त लॅटिनमध्ये तयार होतो. तेव्हा जर्मॅनिकांनी तो तयार झाल्यावर लॅटिनकडून उचलला. स्लाव्हिकचंही तेच: वारसा असता तर 'व्हेनो' झालं असतं, आणि जुन्या स्लाव्हिकमध्ये 'व्हेनो' हा शब्द आहेही, पण त्याचा अर्थ वधूमूल्य. वेल्श आणि आयरिशही लॅटिनचे ऋणको. व-ग्व-फ हे बदल तिथल्या लोकांनी उसना शब्द आपल्या जिभेवर बसवताना केले.

एवढं झालं की तक्त्यातल्या सात-आठ ओळी एका फटक्यात 'उसना, लॅटिनकडून' या खान्यात जातात. फिनिश 'वीनी' स्वीडिशकडून आलेला, म्हणजे उसन्याचा उसना. मूळ शोधण्याच्या दृष्टीनं या ओळींची साक्ष आता संपली. युरोपभर पसरलेल्या शब्दाला युरोपात खरे साक्षीदार तीन-चारच उरतात: ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन आणि जपून वापरायची अल्बेनियन.

अल्बेनियनचं 'व्हेर' पाहून गोंधळू नका. दक्षिणेच्या बोलीत दोन स्वरांमधल्या न चा र होतो. उत्तरेच्या बोलीत 'व्हेन' असंच आहे. आर्मेनियन 'गिनी'तला ग सुद्धा नियमातलाच, तिथे मूळच्या व चा ग होतो. शब्दाला आरंभी व नाही म्हणून तो यादीतून काढून टाकणं ही या कामातली सगळ्यात वारंवार होणारी चूक. दिसायला जवळचे शब्द परके निघतात आणि 'गिनी'सारखे लांबचे सगे.

उसना कधी घेतला, हे व सांगतो

लॅटिनचा 'व' इसवी सनाच्या पहिल्या शतकानंतर हळूहळू 'व्ह'कडे सरकला. त्यामुळे सोपा निकष मिळतो: 'व'नं सुरू होणारा उसना शब्द जुना, 'व्ह'नं सुरू होणारा नवा. इंग्रजीत 'वाइन' आणि 'वॉल' (लॅटिन 'वाल्लुम') हे जर्मॅनिक टोळ्यांनी रोमन सैन्याकडून आणि व्यापाऱ्यांकडून घेतले, इंग्रज ब्रिटनला पोचायच्याही आधी. 'व्हाइन' म्हणजे द्राक्षवेल, 'व्हिनेगर', 'व्हिंटेज', 'व्हिलेज' हे १०६६ नंतरच्या फ्रेंच राजवटीच्या काळात आणि तिच्या मागून आले.

आपल्याकडे भौगोलिक मानांकन मिळालेली 'नाशिक व्हॅली वाइन' आहे. त्या नावातले 'व्हॅली' आणि 'वाइन' दोन्ही लॅटिन, दोन्हींच्या आरंभी लॅटिनमध्ये तेच अक्षर. पण एक फ्रेंचमार्गे उशिरा आला म्हणून 'व्ह', दुसरा हजारेक वर्षं आधी थेट आला म्हणून 'व'. लेबल वाचून दाखवताना हे सांगितलं तर पाहुणा दुसऱ्या ग्लासपर्यंत हलत नाही.

जर्मनमध्ये हाच निकष जरा वेगळा लागतो. जुनी उसनवारी डब्ल्यूनं लिहितात. उशिराच्या काही शब्दांत स्पेलिंग व्हीचं आणि उच्चार 'फ' असतो: 'फाइलशेन' म्हणजे जांभळ्या फुलांची व्हायोलेट, 'फोग्ट' म्हणजे कारभारी. एका भाषेचा निकष दुसरीला आंधळेपणानं लावू नये, तो का लागतो हे आधी त्या भाषेत तपासावं.

तारीख पक्की करायचा दुसरा मार्ग म्हणजे शब्दाबरोबर कोणकोण आलं ते पाहणं. अख्खा धंदा उचलला गेला तर त्याची हत्यारंही सोबत येतात. जर्मनमध्ये वाइनबरोबर 'विन्झर' (द्राक्षबागाईतदार), 'केल्टर' (रस काढायचं दाबयंत्र), 'मोस्ट' (न आंबलेला रस), 'केलर' (तळघर), 'ट्रिश्टर' (नरसाळं), 'केल्श' (पेला) आणि 'एसिश' (व्हिनेगर) हे सगळे लॅटिनमधून गेले. बागेपासून पेल्यापर्यंत एकही कडी सुटलेली नाही. एवढी वरात एकदम दिसली की वारशाचा दावा टिकत नाही. मराठीत पोर्तुगीजांचं तसंच: पाव, बटाटा, काजू, बादली, घमेलं, चावी. त्यातच 'पिंप', पोर्तुगीज 'पिपा'पासून, म्हणजे मुळात वाइनचं लाकडी पीपच. टेरेसवर पाणी साठवायच्या निळ्या पिंपाचं कूळ हे असं.

मग मराठी 'वाइन' कुणाकडून? उच्चारात 'आइ' आहे. पोर्तुगीजांकडून आला असता तर 'ई' आणि 'न्य' यांची काही खूण राहिली असती. 'ई'चा 'आइ' इंग्रजीत झाला तो साधारण १४०० ते १७०० दरम्यानच्या मोठ्या स्वरबदलात, त्याच वेळी 'मीन'चा 'माइन' झाला. जर्मनमध्येही तसाच बदल वेगळा, आपला आपण झाला. पण जर्मन म्हणतात 'व्हाइन'. आरंभी 'व' आणि मधे 'आइ' ही जोडी इंग्रजीचीच. शिवाय महाराष्ट्रात राज्य कुणाचं होतं हे सांगायला कोश उघडावा लागत नाही.

लॅटिन-ग्रीकच्या पलीकडे

आता राहिलेल्या साक्षीदारांना घेऊन युरोपच्या बाहेर पडायचं. आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती आणि लुवियन भाषांत 'वियन' मिळतो. जॉर्जियन ही इंडो-युरोपीय (संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्यातल्या, त्या कुळातली) नसलेली भाषा, तिच्यात 'ग़्विनो'. हिब्रूत 'यायिन', अरबीत 'वैन' म्हणजे काळी द्राक्षं, इथिओपियाच्या जुन्या गीझ भाषेतही 'वैन'. हिब्रूतला 'य' पाहून बिचकू नका: अरबी 'वलद' (मूल) हिब्रूत 'येलेद' होतो, आरंभीच्या व चा य होणं तिथे नेहमीचं.

म्हणजे एकच शब्द तीन वेगळ्या भाषाकुळांत आहे. यावर अभ्यासकांची तीन मतं आहेत. पहिलं, तो मुळात इंडो-युरोपीय: 'पिळणं, गुंडाळणं' या अर्थाच्या धातूपासून, कारण वेल गुंडाळते. लॅटिन 'वीतिस' म्हणजे द्राक्षवेल त्याच धातूचा. संस्कृत 'वेतस', 'वेत्र' आणि आपला मास्तरांच्या हातातला वेत याच कुटुंबातले मानले जातात. दुसरं मत, तो सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातल्या भाषा बोलणाऱ्या लोकांकडून आला. तिसरं, कॉकेशस आणि आसपासच्या डोंगराळ पट्ट्यातल्या, ज्यांनी आधी वेल लावली अशा लोकांचा तो शब्द, आणि वस्तूबरोबर चहूकडे फिरला. तिसऱ्या मताला आमचा कल जास्त जातो. वाइन बनवणं हे शिकावं लागणारं काम आहे, आणि शिकवणारा नावही शिकवतोच. पण हा कल आहे, निकाल नाही, आणि तक्त्यात तो तसाच लिहावा.

इथे पुरातत्त्व मदतीला घ्यायचा मोह होतो. घ्या, पण मर्यादा ओळखून. जॉर्जियातल्या शुलावेरिस गोरा आणि गदाच्रिली गोरा इथल्या इसवी सनपूर्व ६००० च्या आसपासच्या मडक्यांत टार्टारिक आम्लाचे अंश सापडले, ते २०१७ साली प्रसिद्ध झालं. हे आम्ल द्राक्षात भरपूर असतं आणि सच्छिद्र मातीत मुरून राहतं. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत इसवी सनपूर्व ४१००च्या सुमाराचं रस गाळायचं कुंड आणि घडे मिळाले. यावरून द्राक्षं कुठे आणि केव्हा आंबवली जात होती ते कळतं. मडकं वापरणारा त्याला काय म्हणत होता, हे आम्ल सांगत नाही. 'सगळ्यात जुनी वाइन जॉर्जियात, म्हणून शब्द जॉर्जियन' हे वाक्य टेस्टिंग रूममध्ये सर्रास ऐकू येतं. त्याचे दोन अर्धे एकमेकांना जोडलेले नाहीत.

अर्थाचा रकाना

हा रकाना लोक कंटाळून भरतात, खरं तर गंमत इथेच आहे. शब्दाचं रूप नियमानं बदलतं, अर्थ मनाला येईल तसा. रशियनमध्ये 'व्हिनोग्राद' म्हणजे द्राक्ष. पण तो गॉथिक 'वीनागार्ड्स'चा वारसदार, ज्याचा अर्थ द्राक्षाचा मळा. मळ्याचं नाव फळाला चिकटलं. रशियन 'व्हिनो'ला तर एके काळी 'भाकरीची व्हिनो' असा भाऊ होता, धान्याची ऊर्ध्वपातन केलेली दारू, म्हणजे आजची व्होडका. ब्रँडी हे डच 'ब्रांडेवेइन'चं, 'भाजलेल्या वाइन'चं, शेपूट तुटलेलं रूप. ब्रँडीत वाइन हा शब्द होता आणि तोच गळाला.

असा अर्थविस्तार पाहायला रशियाला जायची गरज नाही. शालिमार चौकापासून सिडकोपर्यंत कुठल्याही 'वाइन शॉप'ची पाटी बघा. आत व्हिस्की, रम, बिअर. आणि वाइन विचारली तर दुकानदार वरच्या फळीवरून धूळ झटकून बाटली काढतो. मराठी बोलण्यात पाटीवरची वाइन म्हणजे दारूचं सभ्य नाव आहे, आणि बागेत गेल्यावर तीच द्राक्षाची होते. तक्त्यात मराठीच्या ओळीला दोन अर्थ वेगळे लिहा. ओघात 'दारू'ही बघून घ्या: फारसीत औषध, आपल्या 'दवादारू'त तो अर्थ जिवंत आहे, आणि 'दारूगोळ्या'त तिसराच.

'व्हिंटेज'मध्ये लॅटिन 'विन्देमिया' लपलेला आहे: वाइन अधिक 'काढून घेणं', म्हणजे द्राक्षतोडणी. फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातला पहिला महिना त्याच्याच नावाचा, 'व्हांदेमिएर', सप्टेंबरअखेर सुरू होणारा. नाशिकची तोडणी जानेवारी ते मार्चची, तेव्हा ते नाव इथे पौष-माघाला द्यावं लागलं असतं. 'व्हिनेगर' म्हणजे फ्रेंचमध्ये 'आंबट वाइन', सरळ. फ्लेक्सवाल्याकडचं 'व्हिनाइल' पण त्याच लॅटिन शब्दावरून एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रात पाडलेलं नाव. प्लास्टिकमध्ये द्राक्ष नाही, नावात आहे. आणि वाइनरीतला 'ईनॉलॉजिस्ट', म्हणजे वाइनतज्ज्ञ, हा ग्रीक 'ओइनोस'चा, व गमावलेला.

इथे पाय घसरतो

विंचूर. तिथे एमआयडीसीचं वाइन पार्क आहे, नावात 'विन' आहे, आणि बाहेरून आलेल्या माणसाला ही जोडी फार आवडते. विंचूरकर सरदारांची जहागिरी अठराव्या शतकातली. गावाचं नाव वाइन पार्कच्या कितीतरी आधीचं आणि वाइनशी त्याचा काही संबंध नाही. असा दावा आला की एकच प्रश्न विचारावा: नाव आधीचं की वस्तू? ऑस्ट्रियाच्या राजधानीचं जर्मन नाव 'व्हीन', शहरात खरोखर द्राक्षमळे आहेत, तरीही ते नाव वाइनवरून पडलेलं नाही.

मराठी 'वेल' आणि इंग्रजी 'व्हाइन' यांचीही गाठ मारू नका. वेल 'वल्ली'-'वेल्लि'शी जोडतात, आणि त्यातला ल वाइनच्या न शी कुठल्याच नियमानं जुळत नाही.

सगळ्यात मोठा सापळा 'वेन'चा. मघाचा नियम लावला तर संस्कृतात 'ओइ'चा 'ए' होऊन 'वेन' मिळायला हवा, आणि ऋग्वेदात 'वेन' हा शब्द आहे! रूप चोख जुळतं. पण तिथे त्याचा अर्थ 'आसक्त, ओढ असलेला' असा, आणि द्राक्षाशी किंवा दारूशी त्याचा मेळ नाही. संस्कृतात द्राक्षाला 'द्राक्षा' आणि 'मृद्वीका'. रूप आणि अर्थ दोन्ही जुळल्याशिवाय नातं लावायचं नाही. हे ऐकून कुणी नाराज झालं तर त्याला 'मधु' सांगावा, तिथे नातं खरोखर आहे.

नेटवर शोधताना एक कटकट होते. स्पॅनिशमध्ये 'बीनो' म्हणजे 'तो आला' असाही अर्थ, पोर्तुगीजमध्ये 'व्हिन्या' म्हणजे मळा आणि 'येत होता' दोन्ही. जुन्या लॅटिन शिलालेखात 'ओइनो' दिसलं तर तो 'एक' आहे, वाइन नव्हे. शोधशब्दाला नेहमी अर्थाचा एक शब्द जोडून टाका.

कोश आणि नोंद

फ्रेंचसाठी सीएनआरटीएलच्या संकेतस्थळावरचा मोठा कोश आणि जर्मनसाठी डीडब्ल्यूडीएस फुकट आहेत, दोन्हींत पहिल्या नोंदीचा काळ मिळतो. विकिकोश सुरुवातीला चांगला, शेवटाला नाही. त्यात 'वारसा', 'उसना' आणि 'सजातीय' (एकाच मुळाचा) असे तीन वेगळे शब्दप्रयोग असतात, ते घाईत एकच समजले जातात. मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारलेली आवृत्ती १८५७) नेटवर आहे. छापील मराठी कोशांसाठी सार्वजनिक वाचनालयासारखं १८४० पासूनचं ग्रंथालय गावात असताना पीडीएफच्या मागे लागण्याची गरज नाही. दोन कोशांचं एकमत झालं तरी त्यांनी एकमेकांवरून उतरवलं नाही ना, ते सालांवरून पाहा.

कोशात काही रूपांच्या आधी तारांकन असतं. त्याचा अर्थ हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलं नाही, नियमांवरून मागे मोजत काढलं आहे. उतरवताना तारा गळाला की अंदाजाचं रूप थेट पुरावा बनून फिरायला लागतं, आणि फॉरवर्डमध्ये तर हटकून गळतो.

शेवटी नोंद चार वाक्यांत लिहावी, खात्रीच्या उतरत्या क्रमानं. 'मराठी वाइन इंग्रजीतून. इंग्रजी शब्द जुन्या जर्मॅनिकमार्गे लॅटिन वीनुमपासून, व अजून व होता त्या काळात घेतलेला. लॅटिन शब्द ग्रीक ओइनोसशी नियमानं जुळतो, आणि हित्ती, आर्मेनियन, जॉर्जियन, सेमिटिक शब्दांशीही त्याचं नातं दिसतं. त्या सगळ्यांचा उगम एक, पण तो इंडो-युरोपीय, सेमिटिक की कॉकेशसचा, यावर मतभेद आहेत.' पाहुण्याला घाई असेल तर पहिली दोन वाक्यं पुरतात. चौथं वाक्य मात्र पहिल्या जागी आणू नका.